पान नऊवरचा हिवाळा

दीक्षाच्या तोंडातून वाफ निघाली आणि माझ्या हातातली बशी कलंडली. चहा लेंग्यावर सांडला. सूनबाई, दीक्षाची आई, म्हणाली, “मामा, भाजलं का?” मी म्हणालो, नाही. खरं तर भाजलं होतं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. घडलं होतं ते एवढंच : जूनचा पहिला आठवडा, सकाळचे अकरा, अंगणातल्या नळाला हात लावू नये असं ऊन. कूलरसमोर आम्ही दोघं बसलेलो, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये माझी नात, न्यूझीलंडमधल्या कुठल्याशा रस्त्यावर, डोक्याला लोकरीची टोपी, गळ्याला मफलर. तिकडे दिवस मावळत होता. “आबा, काय थंडी आहे म्हणून सांगू,” ती म्हणाली, “हिवाळा लागला इकडे.” आणि तिच्या तोंडापुढे वाफेचा लहानसा ढग आला नि विरून गेला. ती पुढे पुष्कळ बोलली. कोचीनला परिषद आहे, तिथून चार दिवसांसाठी घरी येते, शनिवारी आपल्या जिल्ह्यातल्या गोरेगावला, तिच्या जुन्या बाईंच्या शाळेत कार्यक्रम, की लगेच परत, कारण जुलैत जहाज सुटतं. मी हो हो म्हणत राहिलो. माझं मन पलंगाखाली जाऊन बसलं होतं. तिथे खाकी कागदात बांधलेले पाच गठ्ठे होते, एकेका गठ्ठ्यात शंभर प्रती, आणि प्रत्येक प्रतीच्या पान नऊवर मी लिहिलं होतं : ‘हे मासे हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, अंडी घालण्यासाठी एकत्र जमतात.’

मी हिंगोलीतल्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. माझ्या टेबलावर पृथ्वीचा गोल असे आणि दर शनिवारी मी स्वतः त्याची धूळ पुसत असे, वरून खाली, उत्तरेकडून दक्षिणेकडे. आपला उन्हाळा तो खालच्या लोकांचा हिवाळा, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? शाळेतल्या पोरालाही ते ठाऊक असतं. दीक्षा गेली चार वर्षं दर जुलैत जहाजावर जाते, मासे तेव्हाच जमतात म्हणून जाते, हेही मला ठाऊक होतं. जुलै महिना आला की मी तिच्या काळजीने कॅलेंडरवरचे दिवस खोडत असतो. तरी हाताने डिसेंबर लिहिलं. ठाऊक असलेलं डोक्यात राहतं, आणि हात ज्या गावात म्हातारा झाला त्या गावचं लिहून मोकळा होतो. असं मी त्या दुपारी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. ही सबब आहे हे कळण्याइतकी पुस्तकं मी वाचलेली आहेत.

पुस्तिका दीक्षाची. इंग्रजी तिचं, मराठी माझं. बत्तीस पानं, आपल्याकडच्या शाळांतल्या मुलांसाठी. खोल समुद्रात राहणारे, ज्यांच्यावर मोठ्या बोटींचा धंदा चालतो असे मासे, ते अंडी घालायला कुठे जमतात आणि केव्हा. मी समुद्र पाहिलेला नाही. हिंगोलीहून तो कुठल्याही बाजूने लांबच. येलदरीचं धरण भरलेलं पाहिलं आहे, तेवढंच माझं मोठं पाणी. तरी गेल्या हिवाळ्यात दोन महिने मी रोज सकाळी त्या अंधाऱ्या पाण्यात उतरत होतो. न्यूझीलंडच्या पूर्वेला बुडालेला एक लांबलचक उंचवटा आहे, त्यावर डोंगर आहेत, पण सगळे पाण्याखाली. एक किलोमीटर खोल. उजेड नाही. तिथे एक विटकरी रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा मासा राहतो, पाण्याबाहेर काढल्यावर तो नारिंगी होतो. त्याला मराठीत नाव नाही. मी आठ दिवस विचार करून त्याला ‘शेंदऱ्या’ म्हटलं आणि आठ दिवस ते नाव कुणाला सांगायला लाजलो. हा शेंदऱ्या शंभर वर्षं जगतो, त्याहून जास्तही. वयात यायलाच त्याला तीसेक वर्षं लागतात. “आबा,” दीक्षा मला म्हणाली होती, “मागच्या वर्षी आम्ही ज्याचं वय मोजलं ना, तो जन्मला तेव्हा हिंगोलीत निजामाचा अंमल होता.” एरवी हे मासे दूरदूर पांगलेले असतात. पण वर्षातले दोन-तीन आठवडे ठरल्या डोंगरावर येतात. त्यांना बोलावणं कोण पाठवतं, कुणाला ठाऊक नाही. जहाजावरच्या यंत्रात डोंगराच्या माथ्यावर ढग दिसतो. तो ढग म्हणजे मासे. आणि तो ढग जसा दीक्षाला दिसतो तसा जाळेवाल्यांनाही दिसतो. शंभर वर्षांचं आयुष्य एका फेरीत वर येतं. म्हणून कुठे आणि केव्हा हे दोन शब्द तिच्या सगळ्या कामाचं मूळ. ते आठवडे, ती जागा नक्की कळली, तर तेवढे दिवस बोटी लांब ठेवा असं सांगता येतं. तिने ‘केव्हा’ माझ्या हातात दिलं आणि मी ते सहा महिन्यांनी चुकवलं.

चूक कुठे झाली तेही मला त्याच दुपारी आठवलं. डिसेंबरच्या सकाळी मी जळबाकडे गेलो होतो. जळबा धरणातले मासे आणून बाजारात विकतो, त्याचं अर्धं आयुष्य पाण्यात गेलेलं. मला माशाच्या पोटातल्या अंड्यांना शब्द हवा होता. तो म्हणाला, “गाभोळी. लिवा. आमाला इचारा, सर, पुस्तकात कशाला धुंडता?” त्याने ढिगावर ओलं पोतं टाकलं होतं आणि शेजारच्या शेगडीवर हात शेकत होता. मीही शेकायला बसलो. त्याला सांगितलं, एक मासा शंभर वर्षं जगतो. तो हसला. “मंग त्याला नातू, पणतू, खापरपणतू. घरात जागा कशी पुरती त्याला?” मग गंभीर होऊन विचारलं, “अंडी कवा टाकतो?” मी म्हणालो, “थंडीत.” “थंडीत?” त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. “येडं हाय का काय ते? आमचा मासा पान्यावर येतो. पूर आला की वर चढतो अन् गाभोळी टाकतो. थंडीत कुठं? आता? ह्या डिसंबरात?” आणि मी शेगडीवर हात धरून, नाकातून पाणी वाहत असताना म्हणालो, “हो. आता. डिसेंबरात.” मला स्पष्ट आठवतं, हे म्हणताना मला बरं वाटलं होतं. या क्षणी आपण इथे शेकतोय आणि तिकडे अंधारात ते जमताहेत. घरी येऊन मी तसंच लिहिलं. दीक्षाच्या इंग्रजीत फक्त ‘हिवाळ्यात’ होतं. ‘म्हणजे’ माझं. मुलांना सोपं जावं म्हणून.

जानेवारीत दीक्षा आली होती तेव्हा तिला मी प्रूफ दिलं. तिने एक दिवस ठेवून घेतलं आणि शेवटच्या पानावर बरोबरची खूण करून परत दिलं. “तुम्ही पाहिलंत ना आबा, मग झालं.” मी ते वाक्य खिशात ठेवून पाच महिने फिरत होतो. तिने वाचलं नाही, विश्वासाने खूण केली, असं मी धरून चाललो होतो, आणि त्याचाच मला अभिमान होता. आता त्याच अभिमानाची लाज वाटू लागली. तिच्या नावावर, तिच्या बाईंसमोर ती उभी राहणार, आणि एखादा मास्तर पान नऊ उघडणार. एवढी शिकलेली पोर, चार वर्षं समुद्रावर, आणि कुठला हिवाळा कुठे हे कळत नाही.

अशा चुकीची मला जुनी ओळख आहे. नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली होती तेव्हा मी इथल्या एका साप्ताहिकात गावातल्या विहिरींवर लेख लिहिला होता. माझा छापून आलेला एकमेव लेख. त्यात एका विहिरीचं साल चुकलं. पुढच्या अंकात पत्र आलं, सहीशिवाय : ‘ग्रंथपालांनी निदान पुस्तकं तरी उघडून पाहावीत.’ मी तो अंक ग्रंथालयाच्या फाइलीत लावला, कारण अंक लावणं माझं काम होतं, आणि पुन्हा काही लिहिलं नाही. सभेत बोललो नाही. लोक मला शांत समजत गेले. तो समज मी खोडला नाही. माझ्या बायकोने, जनकाबाईने, तेवढं खरं ओळखलं होतं. ती म्हणायची, “तुमाला चुकायची लई भीती. चुकलं तर काय व्हतंय? भाकर करपती, तेवढंच. करपलेली बाजू खाली धरून खायची.” ती गेली त्याला पाच वर्षं झाली. तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते नागपूरला, दीक्षाभूमीवर, पुस्तकांच्या दुकानात. तेव्हाही ऑक्टोबरात लाखो माणसं येत, पत्र नाही, बोलावणं नाही. ठरली जागा, ठरला दिवस. मला गर्दीची धास्ती, पण पुस्तकांसाठी मी दर वर्षी जाई. शेजारी एक मुलगी एक पुस्तक उलटंपालटं करत होती. तिने मलाच विचारलं, “हे चांगलं हाय का?” ते पुस्तक मी वाचलेलं होतं, तरी चांगलं म्हणावं आणि तिला न आवडलं तर? म्हणून मी त्याच्या दोन प्रती घेतल्या, एक तिला दिली आणि गर्दीत निघून गेलो. तिच्या भावाने मला शोधून काढलं. अनुवाद करताना यंत्रातल्या त्या ढगाबद्दल लिहीत असताना मला ती गर्दी आठवत राहिली. माणसांची माशांशी तुलना करू नये, म्हणून मी लिहिलं नाही. पण ढगातल्या प्रत्येकाला कुणीतरी शेजारी भेटत असेल, एवढं मनात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोपीचंदच्या छापखान्यात गेलो. त्याने आमची पुस्तिका लग्नपत्रिकांच्या दिवसांत चार महिने रखडवली होती, त्यामुळे तो मला पाहून आधीच बचावाला उभा राहिला. “सर, आता काय? सगळ्या प्रती बराबर मोजून दिल्यात.” मी चूक सांगितली. त्याला समजेना. “म्हणजे मासा जूनात अंडी देतो, आपण डिसेंबर छापलं. बरं. मंग? माशानं वाचलं का ते?” मी म्हणालो, मुलं वाचतील. “सर, आमी लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव चुकवलं हाय. लग्न लागलं. लेकरंबी झाले.” मग माझं तोंड पाहून तो नरमला. “तकलीफ करून घेऊ नका. काय पाहिजे सांगा.” मला पाचशे चिठ्ठ्या हव्या होत्या, पान नऊवरची ती ओळ झाकेल एवढ्या, त्यावर नवी ओळ. पत्रिकांचा उरलेला पिवळा कागद होता, त्यावर त्याने दुपारपर्यंत छापून कापून दिल्या : ‘हे मासे तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, अंडी घालण्यासाठी एकत्र जमतात.’ तो पैसे घेईना. “एक प्रत तेवढी द्या. आमच्या पोरीला दाखवतो, का सरांनी शंभर वर्षांचा मासा आणलाय.”

चिकटवणं हे एक काम असं आहे की त्यात मी स्वतःवर शंका घेत नाही. चौतीस वर्षं मी पुस्तकांत तारखेच्या चिठ्ठ्या डकवल्या. बाटलीतला गोंद मला चालत नाही. कागद पिवळा पडतो, कडक होतो. मैद्याची खळ लागते, मंद आचेवर, गुठळी न होता, चमच्यावरून सावकाश सुटेल इतकी. किडीसाठी तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मी पुडी उघडली आणि पुन्हा बांधली. मुलं बोटं तोंडात घालतात. सूनबाईने पातेलं पाहिलं. “मामा, हे दुधाचं पातेलं हाय.” मी म्हणालो, घासून देतो. “तुमी घासलेलं पातेलं मी पुन्हा घासत असते, ते तुमाला म्हाईत न्हाई,” ती म्हणाली आणि माझ्याजवळ बसून चिठ्ठ्या वेगळ्या करू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “दीक्षाला काहून सांगत न्हाई?” मी म्हणालो, सांगण्यासारखं काही राहणार नाही. चारही कोपरे नीट बसले, वर वजन ठेवलं, तर चिठ्ठी आणि पान एकजीव होतं. तिने पुढची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. मंगळवार, बुधवार मी सकाळ-संध्याकाळ तेच केलं. कूलर बंद ठेवावा लागे, चिठ्ठ्या उडत. घाम येई, पण मन हळूहळू निवत गेलं. एकेका प्रतीतला डिसेंबर बोटाखाली नाहीसा होत होता. तीनशेव्या प्रतीच्या सुमारास मात्र वेगळंच वाटू लागलं. दीक्षा दहावीपर्यंत माझ्याजवळ बसून अभ्यास करी. तिचं खोडून लिहिलेलं मला चालत नसे. मी म्हणे, एक रेघ मार आणि शेजारी बरोबर लिही, कुठून कुठे आलीस ते दिसू दे. आणि मी तिच्यापासून चारही कोपरे बंद करत होतो.

ती गुरुवारी दुपारी स्टेशनवरून आली. टोपी नाही, मफलर नाही, घामाने चिंब, हातात पिशव्या. “आबा, आग आहे ही, हवा नाही,” म्हणत कूलरपुढे बसली. मी ठरवलं होतं की जेवण होऊ द्यावं. पण पहिल्याच घासाला माझा निश्चय सुटला. तिने वरणात भाकर कुस्करली, वर तेल घेतलं, आणि मी तिच्याकडे न पाहता म्हणालो, “पान नऊवर मी चूक केली.” सगळं सांगितलं : डिसेंबर, जळबाची शेगडी, ‘म्हणजे’ हा शब्द, गोपीचंद, पिवळ्या चिठ्ठ्या. तीनशे झाल्या, दोनशे राहिल्यात हेही. आकडा सांगताना मला माझाच राग आला, जणू काम किती झालं यावर चूक हलकी होणार होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. बोटं भाकरीत तशीच. मग उठून, उष्ट्या हाताने नव्हे, डाव्या हाताने तिने एक न डकवलेली प्रत ओढली, पान नऊ काढलं आणि वाचलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, हे झालंच. मी म्हणालो, “तू विश्वासाने खूण केली होतीस, त्यामुळे दोष—”

“आबा, मी वाचलं होतं.”

“काय?”

“जानेवारीत. पूर्ण वाचलं. प्रत्येक ओळ. पान बारावरचा खोलीचा आकडा मी दोनदा मोजला. मागच्या अंगणात उन्हाला बसून, आईची शाल घेऊन वाचलं. हे वाक्य वाचलं, ‘हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत’, आणि मला काही खटकलं नाही.” ती प्रतीकडेच पाहत होती. “चार हिवाळे मी त्या जहाजावर जुलैत कुडकुडत काढलेत. माझ्या सगळ्या प्रबंधात जुलै, जुलै, जुलै. आणि इथे बसले की हिवाळा म्हणजे डिसेंबर.”

सूनबाई चुलीकडून म्हणाली, “मंग काय म्हणायचं? इथं दुसरा कुठला हाय?”

दीक्षा हसली. आधी थोडं, मग तिला आवरेना. मीही हसलो असेन. मला नीट आठवत नाही. मला आठवतं ते निराळंच. दीक्षा परदेशी गेल्यापासून मला एक भीती होती, जी मी कुणाला बोललो नव्हतो : की ती आता इथली राहिली नाही, फोनवर दिसते ती आमची दीक्षा नव्हे, तिच्यासारखी कुणी. आणि आता ती समोर बसून सांगत होती की पृथ्वीच्या खालच्या टोकाला चार वर्षं राहूनही अंगणात शाल पांघरून बसल्यावर तिचा हिवाळा आपोआप माझ्या हिवाळ्यात आला होता. चूक आमच्या दोघांची होती, म्हणजे घरची होती.

जेवण झाल्यावर ती खळीच्या पातेल्याशी बसली. मी नेहमीप्रमाणे चारही कोपऱ्यांना बोट फिरवू लागलो तशी तिने माझा हात धरला. “फक्त वरची कड, आबा.” मी म्हणालो, निघून येईल. “निघणार नाही. नुसती उचलता येईल. खाली डिसेंबर दिसू दे. पोरं विचारतील, असं का. तेच तर शिकवायचंय.” मी म्हणालो, चूक दिसेल. “दिसू दे ना. तुम्हीच म्हणायचात, कुठून कुठे आलीस ते दिसू दे.” ते तिला आठवत होतं. उरलेल्या दोनशे प्रतींना आम्ही फक्त वरची कड डकवली. ग्रंथपाल म्हणून मला तो आळशीपणा वाटत होता, आणि बोटं मात्र हलकी पडत होती.

शनिवारी जीपने गोरेगावला गेलो. सातवीचा वर्ग, पत्र्याखाली, पंखा एकच. दीक्षा बोलली, मोठ्या डोळ्यांच्या शेंदऱ्याचं चित्र दाखवलं, बोटींचं सांगितलं, पुस्तिका वाटल्या. मी मागच्या बाकावर बसलो होतो. वर्गात ज्या प्रती आल्या त्या वरच्या कडेच्या होत्या. दीक्षाने गठ्ठे निवडून आणले होते हे मला तेव्हा कळलं. थोड्या वेळाने पानं उलटण्याचा आवाज थांबला आणि कुर्र कुर्र असा बारीक आवाज सुरू झाला. चाळीस मुलं नखांनी चाळीस पिवळ्या चिठ्ठ्या उचलत होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “ताई, वर जून हाय अन् खाली डिसंबर हाय. खरं कोणतं?”

दीक्षाने तिच्याकडे पाहिलं, मग मागे माझ्याकडे. तिने नुसती वाट पाहिली.

माझे गुडघे वाजले, ते पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं असावं. मी उठलो. विहिरीच्या सालानंतर मी लोकांसमोर उभा राहिलो नव्हतो. पुढे जाऊन मी हेडमास्तरांच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल उचलला. त्यावर बोटभर धूळ होती. रुमालाने पुसला, वरून खाली. हिंगोली जिथे असायला हवी तिथे एक बोट ठेवलं आणि खाली, अगदी खाली, समुद्रात दुसरं.

“दोन्ही हिवाळे खरे आहेत,” मी म्हणालो. “गोलावरचा हा खालचा माशांचा, जूनचा. हा वरचा माझा, डिसेंबरचा. चुकून मी त्यांना माझा दिला.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मंग मासे तुमच्या हिवाळ्यात आले का, सर?” सगळा वर्ग हसला. मीही हसलो आणि गोल फिरवायला लागलो.